भिंतीला लावलेली पाठ

आप्पा,

गेल्या रविवारी तुमचा स्मृतिदिन झाला. विहारात वंदना झाली, पंचशील झालं, आई पांढऱ्या साडीत पुढच्या रांगेत बसली होती. मग तुमच्यामागे विहाराचं सगळं बघणारे ते काका उठले आणि त्यांनी दरवर्षीची गोष्ट सांगितली. पोरीचा खांदा उतरला होता, पाठीला बाक आला होता, आणि आप्पांनी ना दवाखाना केला ना औषध, घरच्या भिंतीला लावून पोर सरळ केली. "याला म्हणतात जिद्द," काका म्हणाले, "आणि ती पोरगी बघा, तिथे बसलीय. हिंजवडीला मोठ्या कंपनीत आहे. जरा उभी राहा गं." मी उभी राहिले. चाळिशी ओलांडलेली बाई, एका मुलाची आई, हाताखाली माणसं असलेली, आणि मी सांगितल्याबरोबर उठून उभी राहिले, मान वर, खांदे मागे. टाळ्या झाल्या. दरवर्षी होतात.

मग खीर वाटताना ती आली. आपल्या समोरच्या घरातली, माझ्याबरोबर दहावीपर्यंत शाळेत होती ती. तुम्ही तिला 'आमची दुसरी' म्हणायचात. ती लग्न होऊन बिबवेवाडीतच राहिली, दोन गल्ल्या सोडून. बरोबर तिची मुलगी होती, तेरा वर्षांची, उंच होत चाललेली. "हिचा खांदा बघ," ती म्हणाली, "तुझ्यासारखाच. पीटीच्या बाई म्हणाल्या डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, दाखवायचं काय त्यात? आमच्याकडे आप्पांची पद्धत आहे. रोज सकाळ-संध्याकाळ उभी करते भिंतीला. आधी रडायची, आता नाही रडत." आणि मुलीला म्हणाली, "दाखव मावशीला."

मुलगी जाऊन विहाराच्या भिंतीला टेकून उभी राहिली. टाचा, मग कुल्ले, मग पाठ, मग डोकं. सगळं त्याच क्रमाने. आणि मला दिसलं की तिने कंबर किंचित फिरवली, डावा खांदा मागे रेटला, श्वास धरला आणि समोर बघायला लागली. समोरून बघणाऱ्याला ती अगदी सरळ दिसत होती. ती लबाडी तिथे फक्त मला ओळखता आली, कारण ती मी शोधून काढली होती, आपल्या बाहेरच्या खोलीत, तुमच्या समोर. आणि मी काय केलं? "छान," म्हणाले. हातात खिरीची वाटी होती. धायरीला घरी येईपर्यंत रिक्षात माझे दात एकमेकांवर घासत होते. राग तिचा नव्हता, काकांचाही नव्हता. तुमचा होता. गेल्या काही महिन्यांत मी तुमच्यावर इतकी चिडलेय की रोजच्या डायरीत तुमचा उल्लेख टाळते आणि पानंच्या पानं ऑफिसबद्दल लिहिते. म्हणून आज हे वेगळ्या कागदांवर लिहितेय, तुम्हालाच उद्देशून.

तुम्हाला ठाऊक होतं, आप्पा. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच.

मी आठवीत होते. केबलच्या वायरी या गच्चीवरून त्या गच्चीवर जायला लागल्या होत्या ते दिवस. शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि माझ्या पालकांना बोलावणं आलं. तुम्ही कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. डॉक्टर वयस्कर होते. ते तुम्हाला 'आपण बसा' म्हणाले. तुमचं आडनाव ऐकून त्यांचा चेहरा बदलला नाही. मी बघत होते, कारण हे बघायला तुम्हीच मला शिकवलं होतं. मग ते मला म्हणाले, "बाळ, पाय जुळव आणि कमरेतून पुढे वाक. हात खाली सोडून दे."

तुम्ही खुर्चीवरून उठलात. "वाकायला कशाला पाहिजे? उभी आहे ती. उभं राहिल्यावर दिसत नाही का?"

"उभं राहिल्यावर फसवतं हो," डॉक्टर म्हणाले. "वाकल्यावरच कळतं."

मी तुमच्याकडे पाहिलं. आपल्या घरात वाकणं हा गुन्हा होता. केर काढतानाही आईने लांब दांड्याचा झाडू वापरायचा, उभ्याने. नातेवाइकांच्या पाया पडायचं नाही, हात जोडायचे. जमिनीवर पडलेलं काही उचलायचं तर गुडघ्यांवर बसून उचलायचं. तुम्ही मान हलवलीत, नाइलाजाने, आणि मी वाकले. डॉक्टरांनी तुम्हाला जवळ बोलावलं, माझ्या उजव्या बरगड्यांवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "हे बघा, ही बाजू वर आलीय. मणके वळलेत. हा सवयीचा दोष नाही, हिची काही चूक नाही. वाढीचं वय आहे. आता पाठीला पट्टा लावला तर आहे तिथे थांबायची चांगली शक्यता आहे. एकदा वाढ संपली की फारसं काही हातात राहत नाही." मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखवा, तिथे पट्टा बनवून मिळतो, असंही त्यांनी सांगितलं. तुम्ही विचारलंत, "किती वेळ घालायचा?" ते म्हणाले, जवळजवळ दिवसभर, झोपतानाही. तुम्ही विचारलंत, "कपड्यांवरून दिसेल?" ते म्हणाले, थोडा दिसेल. मी अजून वाकलेलीच होते, कारण मला कुणी उठ म्हणालं नव्हतं. तुमचे बूट दिसत होते. ते दाराकडे वळले.

तो प्रश्न मला विसरता येत नाही. ज्याला कळलेलं नसतं तो माणूस 'कपड्यांवरून दिसेल का' असं विचारत नाही.

घरी आलो तेव्हा आई भाकरी थापत होती. तिने न वळता विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" तुम्ही पायातले बूट काढत म्हणालात, "काही नाही. सवय वाईट आहे म्हणाले. पोक काढून बसते. मी बघतो तिच्याकडे." मी माठातलं पाणी पीत होते. आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघ, मी सांगत होते, नीट बस." शाळेतून घरी येईस्तोवर जे माझ्या हाडात होतं ते माझ्या वागण्यात गेलं. तेव्हापासून माझी पाठ हा माझा अपराध झाला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाहेरच्या खोलीतलं कॅलेंडर खिळ्यासकट काढलंत आणि मला भिंतीला उभी केलीत. टाचा भिंतीला, कुल्ले भिंतीला, दोन्ही खांदे भिंतीला, डोकं भिंतीला. समोरच्या भिंतीवर आपल्या घरातला तो एकच मोठा फोटो होता, निळ्या कोटातला. त्याच्याकडे बघत राहा म्हणालात, त्या माणसाने आपल्याला मान वर करायला शिकवलं. उजवं फऱ्याचं हाड आधी टेकायचं आणि डावीकडे हात जाईल एवढी फट राहायची. तुम्ही त्या फटीत लाकडी पट्टी घालून बघायचात. "टेकव." मी म्हणायचे, टेकत नाही. "टेकत नाही म्हणजे काय? मनावर घे." मग एक दिवस मला कळलं की कंबर जरा फिरवली आणि श्वास धरला की पट्टी जात नाही. तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तसा मी पुढे माझ्या पहिल्या नोकरीच्या दिवशीही पाहिला नाही. तुम्ही आईला हाक मारलीत, "अगं, ये, बघ तुझी पोर!" मग तुम्ही मला तशीच चालायला लावलंत, तशीच बसायला लावलंत. मी तशीच राहिले. रात्री दुखायचं. आई तव्यावर खडेमीठ गरम करून त्याची पुरचुंडी शेकायला द्यायची आणि म्हणायची, "वय आलंय, दुखणारच."

तुमची बाजू मला माहीत नाही असं नाही. माझी अडचणच ती आहे. मी कुणावर रागावले की आधी त्याची बाजू मांडून बसते, आणि तोवर राग शिळा होतो. या वेळी तो शिळा होऊ द्यायचा नाही म्हणून पटकन लिहिते. तुमचे वडील गावात रस्त्याने जाताना समोरून वाड्यावरचा कुणी मोठ्या जातीचा आला की कडेला उतरून कमरेत वाकून उभे राहायचे, तो दिसेनासा होईपर्यंत. तुम्ही हे एकदाच सांगितलंत, आणि सांगताना तुमचा आवाज अगदी सपाट होता. तुम्ही त्यांचं बोट धरून बाजूला उभे असायचात. त्यांचा हात तुमच्या मानेवर असायचा, खाली दाबणारा. हे ज्याच्या मानेने सोसलंय त्याला वाकलेली पाठ बघवणार नाही, हे मला कळतं. मी तुमच्या कचेरीत डबा द्यायला यायचे तेव्हा सगळे कारकून खुर्च्यांवर पसरलेले असायचे आणि तुम्ही एकटेच पाठ न टेकता बसलेले. तुमचे एक साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "अहो, मानेत दांडा घातलाय का?" आणि सगळे हसले. तुम्ही घरी येऊन हे आईला अभिमानाने सांगितलंत. मलाही अभिमान वाटला. बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा तुम्ही मला सागवानी स्टूल करून आणलंत, गुळगुळीत, पॉलिश केलेलं, बिनपाठीचं. "पाठ असली की माणूस टेकतो," तुम्ही म्हणालात. इंजिनिअरिंगचा सगळा अभ्यास मी त्या स्टुलावर केला.

पण आप्पा, माझी पाठ ही तुमच्या वडिलांची पाठ नव्हती. तिच्यावर कुणाचा हात नव्हता. ती वाढत होती, आणि वाढताना वळत होती, बस एवढंच. एका डॉक्टरने तुम्हाला हे नीट, आदराने, दोनदा सांगितलं. तुम्हाला त्यात आणखी एक पेठेतला, वरच्या जातीचा माणूस आपल्या पोरीला वाकडी म्हणताना दिसला. तो तसा नव्हता. तुम्ही चुकलात, आणि चुकलात हेही मी एक वेळ सोडून दिलं असतं. सोडवत नाही ते त्यानंतरचं. तुम्ही त्याची गोष्ट केलीत. विहारात उभं राहून सांगितलीत, मला शेजारी उभी करून, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्यावर माझ्या पाठीवर थाप मारलीत, नेमकी त्या वर आलेल्या बाजूवर. तुमच्या हाताला ती लागली असणारच. माझी पाठ म्हणजे तुमची सभा नव्हती.

मी नोकरीला लागले ते दिवस तुम्ही पाहिलेत. काचेची इमारत, गळ्यातलं कार्ड, कंपनीची बस. तुम्ही एकदा गेटपर्यंत आलात आणि बाहेरूनच बघून गेलात. आत काय होतं ते सांगते. आत प्रत्येकाला चाकांची, उंच पाठीची खुर्ची होती आणि मी तिच्या पुढच्या काठावर बसून दिवसभर कोड तपासायचे. शेजारचा मुलगा म्हणायचा, "मॅम, परेड आहे का आज?" वर्षअखेरीच्या बैठकीत मॅनेजर म्हणाला की मी टीमशी मोकळी होत नाही, फार स्टिफ वाटते. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही हसलात. "त्यांना बघवत नाही," म्हणालात. मीही तसंच समजले. पाठ संध्याकाळपर्यंत दगड व्हायची, मी गोळ्या घ्यायचे, आणि हे ताठ राहण्याचं मोल आहे असं मानायचे. थोड्याच वर्षांत तुम्ही गेलात. शेवटच्या आजारपणातही उशी नको म्हणायचात.

मुलाच्या जन्माच्या वेळी सिझेरियन करायचं ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मला कुशीवर वळवलं आणि मणक्यात सुई घालायला जागा शोधायला लागले. एकदा टोचलं, दुसऱ्यांदा टोचलं. मग त्यांनी विचारलं, "तुमचा कणा वाकडा आहे का हो?" मी ओटीवरच्या पाहुण्यांना सांगावं तसं सांगितलं, "नाही, लहानपणी होता. माझ्या वडिलांनी सरळ केला." "बरं," म्हणाले आणि पुन्हा टोचलं. तिसऱ्यांदा लागलं तेव्हा मी रडले आणि सगळ्यांना वाटलं बाळाच्या काळजीने रडतेय. मी कशाने रडले ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. आज हा प्रसंग आठवला की माझे कान तापतात. इतक्या शिकलेल्या बाईने स्वतःच्या पाठीला एकदाही हात लावून बघितलं नाही. आरशात फक्त समोरून पाहिलं.

ऑफिसचं काम घरून सुरू झालं आणि जेवणाच्या टेबलाशी बसून बसून माझी पाठ पूर्ण बसली. सकाळी उठताना पलंगाचा काठ धरावा लागायचा. कुणीतरी नारायण पेठेतल्या एका बाईंचं नाव सांगितलं. कायरोप्रॅक्टर आहेत, परदेशात शिकून आलेल्या, हातांनी मणक्यांवर काम करतात. जुन्या इमारतीचा लाकडी जिना चढून पहिल्या मजल्यावर दवाखाना. दारात पाटी: 'कट्‌ असा आवाज येतो. हाड मोडत नाही. पुन्हा पुन्हा विचारू नये.' बाई माझ्याच वयाच्या. मी आत गेले, उभी राहिले, आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"किती वर्षं अशा उभ्या राहताय?"

"अशा म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी फोटो काढतंय अशा."

मला राग आला. मी म्हटलं, माझं पोश्चर चांगलंच आहे, सगळे म्हणतात. त्या म्हणाल्या, "सगळ्यांकडेच जायचं होतं मग. पुढे वाका."

"मला वाकता येत नाही."

"येत नाही, का वाकत नाही?"

मी वाकले. गुडघ्यांपर्यंतच हात गेले. त्यांचा तळहात माझ्या उजव्या बरगड्यांवर आला, अगदी त्याच जागी, आणि त्यांचा आवाज बदलला. "एक्सरे काढल्याशिवाय मी हात लावणार नाही," म्हणाल्या. एक्सरे आला तेव्हा त्यांनी तो खिडकीला लावला. मला माझा कणा दिसला. वर उजवीकडे गेलेला, खाली डावीकडे आलेला, जुना, मुरलेला. बाहेर रस्त्यावर रद्दीवाला ओरडत होता. "हे वळण मी काढू शकत नाही," त्या म्हणाल्या, "कुणी काढतो म्हणाला तर त्याच्याकडे जाऊ नका. दुखणं कमी करू शकते. उभं राहणं, बसणं सुधारू शकते. तुम्ही या वळणावर वरून दुसरा पीळ दिलाय, तो सोडवू या. तो कुणी शिकवला?"

मी त्यांना विचारलं, तेराव्या वर्षी पट्टा लावला असता तर? त्यांनी पटकन उत्तर दिलं नाही, हे मला आवडलं. "सांगता येणार नाही. थांबलं असतं कदाचित. कदाचित नसतंही. पण संधी होती."

त्या 'कदाचित'वर मी महिनोन्‌महिने खल केलाय. तुमच्या बाजूने वकिली केलीय: मी तरी पट्टा घातला असता का? शाळेत मुलींनी विचारलं असतं तेव्हा काढून दप्तरात कोंबला नसता? सरकारी दवाखान्यातल्या रांगा, तुमची रजा, लोकांच्या नजरा. एका 'कदाचित'वर एवढा राग धरणं न्यायाचं आहे का? मग उत्तर येतं: पट्टा हा मुद्दाच नाही. मला विचारायला हवं होतं. वाकून उभी होते ती मी होते, आणि माझ्या डोक्यावरून दोन माणसं माझ्याबद्दल बोलली, आणि त्यातला माझा माणूस घरी येऊन खोटं बोलला.

बाई आठवड्याला एकदा मला त्या अरुंद बाकावर पालथी झोपवतात, मणक्यांवर हात ठेवतात आणि श्वास सोडायला सांगतात. कट्‌ असा आवाज येतो. पहिल्यांदा झाला तेव्हा मी इतकी घाबरले की त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. सगळ्यात कठीण गेलं ते टेकणं. "खुर्चीला पाठ असते ती टेकायलाच," त्या म्हणाल्या, "शोभेला नसते." मी टेकले की आत्ता कुणीतरी बघेल असं वाटायचं. पोकळ बाजूत श्वास कसा भरायचा ते त्यांनी शिकवलं. माझ्या डाव्या बरगड्यांत तीस वर्षं हवा पुरती गेली नव्हती, आप्पा. आता सकाळी पलंगाचा काठ धरावा लागत नाही. मी पूर्वीपेक्षा जरा वाकडी दिसते, कारण लपवत नाही. आई म्हणाली, "अगं, परत पोक यायला लागला तुला. आप्पा असते तर..." मी स्वयंपाकघरातून उठून गेले.

हे सगळं मला माहीत असताना मी त्या मुलीला 'छान' म्हणाले. चार दिवस मी स्वतःशी भांडले. गोष्ट मोडायची म्हणजे काय? काकांचं तोंड, आईचे प्रश्न, विहारात तुमच्या फोटोखाली बसणाऱ्या बायकांची कुजबुज. तुमच्यामागे आपल्या घराला जो मान आहे तो या गोष्टीवर उभा आहे. आणि मला तो मान नको आहे असं ठामपणे म्हणवत नव्हतं. कायरोप्रॅक्टर बाईंना फोन करून विचारलं, तेरा वर्षांची मुलगी आहे, घेऊन येऊ का? "माझ्याकडे नको," त्या म्हणाल्या. "वाढतं वय आहे. आधी हाडांच्या डॉक्टरकडे, एक्सरे, मोजमाप. आणि उशीर नको. तुम्ही माझ्याशी बोलताय तेवढा वेळही नको."

काल संध्याकाळी मी बिबवेवाडीला तिच्या घरी गेले. मुलगी बाहेरच्या खोलीत उभी होती, भिंतीला, डोक्यावर वर्तमानपत्राची घडी. मला बघून हसली, पण मान हलवली नाही. तिची आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. "ये, ये. चहा टाकते. बघ, किती सुधारलीय!"

मी म्हटलं, "तिला आत बोलाव आणि दार लाव."

"का गं? काय झालं?"

"बोलाव."

मुलगी आली. मी ओढणी काढली, कुर्ता वर केला, त्यांच्याकडे पाठ केली, पाय जुळवले आणि वाकले. पाचएक मिनिटं असावीत किंवा तेवढी नसतीलही, पण मी तशीच राहिले, समोर गॅसच्या सिलिंडरचा खालचं गंजलेलं कडं बघत. मग माझ्या उजव्या बाजूवर बोटं आली, थंड, ओली, मेथीची. तिची. मग दुसरी, लहान.

"हे काय आहे?" मैत्रीण म्हणाली.

"हीच ती सरळ पाठ. कधी सरळ झालीच नव्हती. मी फक्त तशी उभी राहायचे." मग मी मुलीला म्हटलं, "कंबर फिरवतेस ना? आणि श्वास धरतेस?"

मुलीने आधी आईकडे पाहिलं. मग मान हलवली. आणि ज्या अर्थी तिची आई म्हणाली होती की आता ती रडत नाही, त्या अर्थी ते साठलेलं असणार, कारण ती जी रडायला लागली ती थांबेना. "मला वाटलं मी चीटिंग करतेय," ती म्हणत होती, "मम्मीला कळलं तर..." तिची आई निवडलेल्या मेथीवरच बसली होती, कळलंही नाही तिला. "मी तिला मारलं गं," ती म्हणाली. "परवा. खांदा टेकवत नाही म्हणून." मी तिला हाडांच्या डॉक्टरचा पत्ता दिला. तिने नवऱ्याला माझ्यासमोर फोन लावला, सकाळी कामावर जाऊ नका, पोरीला दवाखान्यात न्यायचंय. एवढं तिने पटकन केलं. तुमच्यापेक्षा पटकन.

मग ती माझा कुर्ता मागून नीट करत होती, लहान मुलीचा करतात तसा. तिने हळूच विचारलं, "पण आप्पांना माहीत नव्हतं ना गं? एवढा भला माणूस. त्यांना कुणी सांगितलंच नसेल."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. तीस वर्षांचं. इतके महिने ज्याच्यासाठी दातांवर दात घासले ते वाक्य तोंडाशी आलं होतं आणि ऐकणारं माणूसही योग्य होतं.

"नाही," मी म्हणाले. "त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं."

तिचा जीव भांड्यात पडला. मी चहा घेतला आणि निघाले. येताना स्वतःला सांगत होते की तिला धीर द्यायला खोटं बोलले, आधीच ती खचली होती. आत्तापर्यंत इथेही तसंच लिहिणार होते. ते खरं नाही, आप्पा. हे कागद मी आईच्या हाती लागणार नाहीत असे ठेवणार आहे, त्याचंही कारण तेच. तुम्हाला कुणी नाव ठेवलेलं मला अजून सहन होत नाही, आणि तुमच्यावरच्या सगळ्या रागात मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.